चकतीत ३४ टक्के फॉर्स्टराइट म्हणजे नेमके कशाचे ३४ टक्के?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका टी टॉरी प्रकारच्या (सूर्यासारख्या, अजून घडत असलेल्या) तरुण ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीचा, जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मिरी या अवरक्त उपकरणाने घेतलेला वर्णपट तुम्ही संग्रहातून उतरवून घेतलात. त्यातल्या दहा मायक्रॉनच्या सिलिकेट शिखरावर पाच खनिजांचं फिटिंग केलंत, आणि सिलिकेटपैकी ३४ टक्के फॉर्स्टराइट (मॅग्नेशियमचं स्फटिकमय सिलिकेट) असं उत्तर आलं. तुमच्या मैत्रिणीने त्याच ताऱ्याचा स्पिट्झर या आधीच्या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा जुना वर्णपट वेगळ्या ओपॅसिटी फाइल (दर ग्रॅम धूळ कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश अडवते, त्याची कोष्टकं) घेऊन फिट केला, तर तिला १९ टक्के मिळालं. कार्बन सोबत धरला की तुमच्याकडे एकूण वस्तुमानाच्या ६० टक्के तोच निघतो. तुम्ही विचारलंय की दोघांपैकी बरोबर कोण, आणि तिथे घडणारे ग्रह फॉर्स्टराइटचे असतील असं म्हणता येईल का.

दुसऱ्या भागाचं उत्तर सरळ आहे: नाही म्हणता येणार. पहिल्या भागाचं उत्तर असं की दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांत बरोबर असू शकतात. खरी अडचण आकड्यात नाही, तो आकडा कशाचा आहे हे न सांगण्यात आहे. टक्के काढायचे तर छेदात काय आहे ते ठाऊक हवं, आणि या विषयात छेद फार फसवा असतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दहा मायक्रॉनला तुम्हाला चकती दिसत नाही, चकतीची साय दिसते. साधा हिशेब करून बघा. बारीक सिलिकेट कणांची दहा मायक्रॉनजवळची ओपॅसिटी ढोबळमानाने दर ग्रॅमला २,००० चौरस सेंटिमीटर धरा. आपल्या सूर्यमालेच्या आद्य चकतीचं जे किमान-वस्तुमानाचं प्रारूप सगळे वापरतात, त्यात एका खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतरावर) दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ ग्रॅम खडकाळ धूळ येते. दोन्हींचा गुणाकार १४,०००. म्हणजे वरून बघताना साधारण अर्धा मिलिग्रॅम धूळ ओलांडली की नजर अडते, आणि खालचे जवळजवळ सात ग्रॅम झाकलेलेच राहतात. एक चहाचा चमचा भरून मीठ घ्या आणि त्यातले वरचे आठ-नऊ दाणे उचला. तुमचे ३४ टक्के त्या आठ-नऊ दाण्यांचे आहेत. चकतीतली धूळ वाढून मोठी झाली असेल किंवा मधल्या प्रतलाकडे बसली असेल, तर हे गुणोत्तर बदलतं, पण खालचं झाकलेलंच राहतं.

दुसरी चाळणी कणांच्या आकाराची. कणाची त्रिज्या तरंगलांबी भागिले २π इतकी झाली, म्हणजे दहा मायक्रॉनसाठी सुमारे १.६ मायक्रॉन, की शिखर बसायला लागतं. पाच-सहा मायक्रॉनच्या पुढे ते जवळपास सपाट होतं. मिलिमीटरचा खडा शुद्ध फॉर्स्टराइटचा असला तरी या वर्णपटात तो स्वतःची ओळख देत नाही. म्हणजे छेदात फक्त काही मायक्रॉनपर्यंतची धूळ आली. ग्रह घडवायला लागणारं बहुतेक वस्तुमान त्याहून मोठ्या कणांत असतं.

तिसरी चाळणी तापमानाची. दहा मायक्रॉनला सर्वाधिक तेज देणारा पदार्थ साधारण ३०० केल्व्हिनचा. प्रत्यक्षात २०० ते ५०० किंवा त्याहूनही थोड्या वरच्या पट्ट्यातली धूळ हे शिखर घडवते. सूर्याएवढ्या ताऱ्याभोवती ती एका खगोलीय एककाच्या आसपास किंवा आत असते. जास्त वस्तुमानाच्या, तेजस्वी तरुण ताऱ्याभोवती, म्हणजे हर्बिग ताऱ्याभोवती, हा पट्टा कितीतरी बाहेर सरकतो, आणि तपकिरी बटूभोवती (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेल्या पिंडाभोवती) अगदी आत येतो. म्हणून हर्बिग तारा आणि तपकिरी बटू यांचे स्फटिक-टक्के शेजारी मांडून ‘याची धूळ जास्त शिजलेली’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं. तुम्ही दोन वेगळ्या अंतरांवरच्या जागा पाहताय. चिलीतल्या व्हीएलटीच्या दुर्बिणी जोडून मिडी उपकरणाने २००४ साली तीन हर्बिग ताऱ्यांच्या चकत्यांचा आतला एक-दोन खगोलीय एककांचा भाग वेगळा काढून दाखवला. तिन्हींत आतली धूळ बाहेरच्यापेक्षा जास्त स्फटिकमय होती. एकाच चकतीत असा फरक असेल, तर एका छिद्रातून घेतलेल्या सरासरी वर्णपटाची टक्केवारी म्हणजे दोन-तीन जागांची भेसळ असते.

आता फिटिंगकडे. तुमच्या दोघांच्या आकड्यांत फरक पाडू शकतील अशा जागा मी ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने सांगतो.

सर्वात आधी पाया, म्हणजे शिखराखालचं सलग तेज. पुष्कळ जण आठ आणि तेरा मायक्रॉनवर दोन बिंदू घेतात, रेघ ओढतात, भागाकार करतात आणि उरलेल्यावर ओपॅसिटी बसवतात. झटपट चित्र बघायला ते ठीक, टक्के काढायला नाही. सिलिकेटचं शिखर आठच्या आधी सुरू होतं आणि तेराच्या पुढेही संपत नाही, त्यामुळे रेघ शिखराचाच तुकडा खाऊन टाकते. रुंद शिखर देणाऱ्या खनिजांचं, म्हणजे अस्फटिकी सिलिकेटचं, वजन त्यात कमी होतं आणि टोकदार शिखरांचं, म्हणजे स्फटिकांचं, फुगतं. माझ्या मते बरी पद्धत अशी: ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश, आतल्या कडेचा गरम घटक, मधल्या प्रतलाचा सलग घटक आणि वरचा पातळ थर, हे चारही एकाच वेळी बसवायचे. वरच्या थराला एकच तापमान न देता अंतरानुसार घातांकी नियमाने उतरणारं तापमान द्यायचं. तापमानाचे आकडे ग्रिडवर किंवा मार्कोव्ह साखळीने (यादृच्छिक पावलांनी) शोधायचे, आणि प्रत्येक पावलावर खनिजांची वजनं ऋण न होऊ देणाऱ्या लघुत्तम-वर्ग पद्धतीने काढायची. वजनांना ऋण होण्याची मोकळीक दिलीत तर फिट सुंदर दिसेल आणि अर्थ काहीच उरणार नाही.

त्यानंतर ओपॅसिटी. माझा पहिला संशय इथेच आहे, कारण तुम्ही गोल कणांसाठीच्या ‘मी’ (Mie) सिद्धान्ताने काढलेल्या फाइल वापरल्यात आणि मैत्रिणीने पोकळ गोलांच्या वितरणाच्या, म्हणजे वेड्यावाकड्या कणांची नक्कल करणाऱ्या. दोघांची मूळ प्रकाशीय स्थिरांकांची मोजमापं जर्मनीतल्या येनाच्या प्रयोगशाळेचीच असली, तरी कणाचा बाह्याकार, म्हणजे गोल की वेडावाकडा, बदलला की शिखर सरकतं. परिपूर्ण गोल कणात फॉर्स्टराइटचा अनुनाद लहान तरंगलांबीकडे येतो, तर वेड्यावाकड्या कणांत तो पसरून लांब तरंगलांबीकडे जातो. चकत्यांच्या वर्णपटांत ११.२ ते ११.३ मायक्रॉनला जे टोक दिसतं, ते गोल कणांनी नीट बसत नाही. मग फिटिंग करणारी आज्ञावली चुकीच्या जागी बसलेलं टोक इतर खनिजांनी भरून काढते, आणि सगळीच वजनं बिघडतात. अस्फटिकी कणांत हा परिणाम सौम्य असतो, स्फटिकांत तीव्र. फॉर्स्टराइटसाठी पोकळ गोल किंवा लंबगोलांचं सलग वितरण घ्या, गोल कण सोडून द्या. आणखी एक गोष्ट: फॉर्स्टराइटचे प्रकाशीय स्थिरांक तिन्ही स्फटिक-अक्षांवर वेगवेगळे असतात. तिन्हींची ओपॅसिटी काढून सरासरी घ्यायची असते, स्थिरांकांचीच सरासरी घ्यायची नसते. ही चूक तयार फाइल न वापरता स्वतः गणित करणाऱ्यांकडून होते.

मग कणांचे लहान-मोठे आकार. प्रत्येक खनिजाला ०.१, १.५ आणि ५ मायक्रॉन असे तीन आकार देण्याची पद्धत आहे. अस्फटिकी सिलिकेटला हे चांगलं लागू पडतं: ०.१ मायक्रॉनचं शिखर ९.८ ला टोक असलेलं त्रिकोणी, तर १.५ मायक्रॉनचं रुंद आणि वर सपाट. नेमका हाच सपाटपणा फसवतो. मोठ्या अस्फटिकी कणांमुळे ११.३ आणि ९.८ मायक्रॉनवरच्या तेजाचं गुणोत्तर वाढतं, आणि फॉर्स्टराइटमुळेही तेच वाढतं. दोन्हींत भेद करायचा तर गुणोत्तर पुरत नाही, ११.२ च्या टोकाची धार बघावी लागते. उलट बाजूने, पाच मायक्रॉनचे फॉर्स्टराइट कण तुम्ही फिटमध्ये ठेवलेत तर त्यांचा बोथट उंचवटा अस्फटिकी धुळीची नक्कल करतो. आज्ञावली तो भर घातल्यासारखा वापरते आणि स्फटिकांचं वस्तुमान एकदम वाढतं. कारण मोठे कण तेज कमी देतात, वजन जास्त घेतात. तुमचे ३४ टक्के आकारानुसार फोडून बघा. त्यातले वीसेक टक्के पाच मायक्रॉनच्या खात्यात असतील, तर ते फॉर्स्टराइट आहे असं मी छापणार नाही.

आता हस्तक्षेप करणारे बाहेरचे. ११.३ मायक्रॉनला बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बनचीही रेषा असते, फॉर्स्टराइटच्या अगदी डोक्यावर. ती असेल तर ६.२, ७.७ आणि ८.६ लाही तिची भावंडं दिसतात, तेव्हा आधी ६.२ बघा. टी टॉरी ताऱ्यांत ती बहुधा क्षीण असते, हर्बिग ताऱ्यांत खूपदा ठसठशीत. पण ७.७ ला रुंद उंचवटा दिसला म्हणून तोही लगेच या हायड्रोकार्बनच्या नावावर टाकू नका. फार कमी वस्तुमानाच्या काही ताऱ्यांभोवती ॲसिटिलीन वायू इतका दाट सापडलाय की ७.७ आणि १३.७ मायक्रॉनला त्याचे सलगसे डोंगर उभे राहतात, आणि सिलिकेट शिखर मात्र गायब असतं. जेम्स वेबच्या वर्णपटांत पाण्याच्या वाफेच्या रेषाही दाटीने असतात. ॲसिटिलीन, हायड्रोजन सायनाइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची १३.७ ते १५ मायक्रॉनमधली शिखरं वेगळी. स्पिट्झरच्या कमी विभेदनात (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याच्या क्षमतेत) हे सगळं मिसळून सलग तेजात बेमालूम जातं. मैत्रिणीचा आणि तुमचा पाया इथेच वेगळा पडला असण्याची शक्यता मोठी आहे. धुळीचं फिटिंग करण्याआधी वायूच्या रेषांचे पट्टे झाकून टाका.

उपकरणांचे सांधे हा विषय छापील लेखांत दोन ओळींत उरकला जातो, पण चुका इथेच जास्त होतात. मिरीच्या मध्यम विभेदनाच्या वर्णपटमापकात चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाचे तीन उपपट्टे. दुसरा मार्ग ११.७० मायक्रॉनला संपतो, तिसरा ११.५५ ला सुरू होतो. म्हणजे दोन मार्गांचा सांधा बरोबर फॉर्स्टराइटच्या ११.२ च्या उतारावर आणि एन्स्टटाइटच्या (पायरोक्सीन गटातल्या मॅग्नेशियम सिलिकेटच्या) ११.६ वर येतो. दुसऱ्याच मार्गातला आणखी एक सांधा १०.०२ ते १०.१३ दरम्यान आहे, तोही शिखराच्या मधोमध. दोन पट्ट्यांच्या तेजमापनात एखाद-दोन टक्क्यांची पायरी राहिली, तर ती स्फटिकांच्या शिखरांएवढी दिसू शकते. स्पिट्झरमध्ये वेगळा त्रास: तिथे लघु तरंगलांबीच्या भागाची फट आकाशावर साधारण ३.७ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), दीर्घ भागाची साडेदहा विकलांहून रुंद, आणि दोन्ही सुमारे १४ मायक्रॉनला जोडले जातात. आजूबाजूला पसरलेलं तेज असेल तर रुंद फटीत ते जास्त शिरतं आणि जोडावर उडी दिसते. जमिनीवरून पाहाल, तर ९.६ मायक्रॉनला पृथ्वीचा ओझोन शिखराच्या मधोमध खड्डा पाडतो. त्यासाठी जवळजवळ त्याच उंचीकोनावरचा प्रमाण तारा वापरल्याशिवाय गत्यंतर नाही. भारतातून हे करता येईल का, असंही तुम्ही विचारलं होतंत. उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर मुंबईच्या टीआयएफआर संस्थेने बसवलेला टॅनस्पेक हा वर्णपटमापक ०.५५ ते २.५ मायक्रॉन पाहतो. ताऱ्यावर पडणारा वायू आणि १,५०० केल्व्हिनजवळची आतली कड त्याला चांगली दिसते, सिलिकेट शिखर मात्र त्याच्या टप्प्यात येत नाही.

हे सगळं आवरल्यावर फॉर्स्टराइट खरंच आहे का, याची कसोटी दहा मायक्रॉनच्या बाहेर लागते. ११.२ ला चमकणारे स्फटिक १६.३, १९.५ आणि २३.५ मायक्रॉनलाही चमकलेच पाहिजेत. गरम घटकाचं तापमान आणि वजन फिटमधून घ्या, १६.३ चं शिखर किती उंच यायला हवं ते काढा, आणि मगच वर्णपटात बघा. ते नसेल तर ११.२ चं टोक संशयास्पद. उलटं होऊ शकतं: २३.५ ठळक आणि ११.२ नाही. त्याचा अर्थ थंड, बाहेरचे स्फटिक दिसतायत, आतले नाहीत. मिरी २७.९ ला थांबते, त्यामुळे ३३.६ च्या शिखरासाठी स्पिट्झरचा जुना वर्णपट आजही तितकाच मोलाचा आहे. मैत्रिणीची फाइल टाकून देऊ नका. एन्स्टटाइट आणि सिलिका ९.२ ते ९.३ दरम्यान एकमेकांवर चढतात. सिलिका असेल तर १२.६ ला तिचं दुसरं शिखर सापडायला हवं.

यानंतर रसायनाचा ताळा करा, पाच मिनिटांचं काम आहे. फॉर्स्टराइटमध्ये सिलिकॉनच्या एका अणूमागे मॅग्नेशियमचे दोन अणू, एन्स्टटाइटमध्ये एकास एक. सूर्याच्या घटकद्रव्यांत हे गुणोत्तर एकच्या जवळपास आहे. तुमचे ३४ टक्के फॉर्स्टराइट आणि उरलेलं सगळं मॅग्नेशियमयुक्त पायरोक्सीन धरलं, रेणुभार १४१ आणि १०० घेतले, तर मॅग्नेशियम-सिलिकॉन गुणोत्तर १.२७ येतं. चालण्यासारखं आहे. कुणाला ८० टक्के फॉर्स्टराइट आणि २० टक्के पायरोक्सीन मिळालं, तर ते १.७ वर जातं. मग विचारायला हवं की उरलेलं सिलिकॉन कुठे गेलं, सिलिकात की मोठ्या कणांत.

याच ताळ्यातून लोहाचा प्रश्न उभा राहतो आणि तुमच्या ६० टक्के कार्बनचं उत्तरही मिळतं. विश्वात लोहाचे अणू सिलिकॉनच्या जवळपास तेवढेच, थोडे कमी आहेत. पण चकत्यांतले स्फटिक मॅग्नेशियमचेच निघतात. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत, त्यातही पायरोक्सीन भरपूर आहे, पण त्यात लोह मुरलेलं असतं. चकतीतलं स्फटिकमय ऑलिव्हिन (फॉर्स्टराइट याच गटातलं) तसं नसतं. बीटा पिक्टोरिस ताऱ्याच्या चकतीत हर्शेल अवकाश दुर्बिणीने ६९ मायक्रॉनचं शिखर पाहिलं, तेव्हा त्या स्फटिकांत मॅग्नेशियमच्या जागी लोहाचं प्रमाण जेमतेम एक टक्का निघालं. हे शिखर इतकं उपयोगी असण्याचं कारण ते फार अरुंद आहे आणि लोह शिरलं की लांब तरंगलांबीकडे सरकतं. दहा टक्के लोहाला ते ७२ च्या आसपास पोचतं. तापमानानेही सरकतं, पण कमी: थंड कणांत ६९.०, खोलीच्या तापमानाला सुमारे ६९.६. मग उरलेलं लोह कुठे? बहुधा धातुरूप लोहात किंवा लोह सल्फाइडमध्ये. दहा मायक्रॉनच्या पट्ट्यात या दोघांनाही स्वतःची ठसठशीत शिखरं नाहीत, अस्फटिकी कार्बनलाही नाहीत. तिघांचंही काम तिथे एकच: सपाट तेज देणं. तुमच्या फिटमध्ये कार्बन ६० टक्के आला तो पाया भरायला आला. कार्बन काढून त्या जागी लोहाची ओपॅसिटी टाका, फिट जवळजवळ तेवढंच चांगलं बसेल. एचडी १४४४३२ या ताऱ्याच्या आतल्या चकतीवर व्हीएलटीच्या मॅटिस उपकरणाने केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्बनऐवजी लोह धरलेलं प्रारूप सरस ठरलं. ते पटण्यासारखंही आहे, कारण इतक्या आत, इतक्या तापमानाला, कार्बनचे कण ऑक्सिजनयुक्त वायूत जळून जातात. पृथ्वीत कार्बन इतका कमी असण्याचं कारणही असंच काही मानलं जातं. तेव्हा कार्बनचा आकडा टक्क्यांत देऊ नका. ‘वैशिष्ट्यहीन घटक’ एवढंच नाव द्या आणि सिलिकेटचे टक्के त्याला वगळून सांगा.

मधल्या प्रतलातल्या धुळीचं काय, हे मिलिमीटर तरंगलांबीवर अल्मा (चिलीतला रेडिओ दुर्बिणींचा संच) सांगेल अशी तुमची अपेक्षा दिसते. अल्मा तिथवर पोचते खरी, पण तिला खनिजं ओळखता येत नाहीत; त्या तरंगलांबीवर शिखरंच नाहीत. तिथे मिळतो तो तरंगलांबीनुसार ओपॅसिटी किती वेगाने उतरते याचा घातांक. आंतरतारकीय धुळीत तो १.७ च्या आसपास, चकत्यांत शून्य ते एक. त्यावरून कण मिलिमीटरपर्यंत वाढलेत असं कळतं. पण घटकद्रव्य, सच्छिद्रता, कणांनी केलेलं विखुरणं आणि चकतीची अपारदर्शकता हे चारही त्या एका आकड्यात शिरतात. घटकद्रव्य तिथे मोजलं जात नाही, गृहीत धरलं जातं. अल्मावरच्या २०१८ च्या डीशार्प प्रकल्पाचं मिश्रण आज सर्रास वापरतात: वजनाने पाण्याचा बर्फ २० टक्के, सिलिकेट ३३, ट्रॉयलाइट (लोह सल्फाइड) ७ आणि कार्बनी सेंद्रिय द्रव्य ४० टक्के. हे सोयीचं, विचारपूर्वक निवडलेलं गृहीतक आहे. कुठल्या चकतीचं ते रासायनिक विश्लेषण नाही, आणि या ४० टक्क्यांचा आधार घेऊन आतल्या भागातल्या तुमच्या ६० टक्के कार्बनचं समर्थन होत नाही. बर्फाचं मोजमाप करायचं तर कडेवरून दिसणाऱ्या चकत्या लागतात. एचएच ४८ एनई या अशाच चकतीत वेबने पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडचे बर्फ शोषणात पाहिले. पण तिथेही प्रकाश धुळीवर अनेकदा विखुरत येतो, त्यामुळे शोषणाची खोली थेट बर्फाच्या प्रमाणात बदलता येत नाही.

मग या टक्क्यांचा उपयोग काय? उपयोग तुलनेत आहे, आणि तो मोठा आहे. आंतरतारकीय धुळीत स्फटिकमय सिलिकेट एखाद-दोन टक्क्यांच्या वर सापडत नाही. चकत्यांत दहा-वीस टक्के सर्रास दिसतं. म्हणजे स्फटिक चकतीतच घडले, आणि त्यासाठी सुमारे १,००० केल्व्हिनपर्यंत तापावं लागतं. याचा थेट पुरावा ईएक्स ल्युपी या ताऱ्याने दिला. २००८ साली तो अचानक उजळला. त्याआधीच्या स्पिट्झर वर्णपटात शिखर त्रिकोणी, अस्फटिकी होतं. भडक्याच्या काळातल्या वर्णपटात फॉर्स्टराइटचं टोक उभं राहिलेलं होतं. तोच तारा, तेच उपकरण, तीच पद्धत, त्यामुळे आकड्याची निरपेक्ष चूक दोन्हीकडे सारखीच होती आणि फरक खरा होता. पुढच्या काही वर्षांत दहा मायक्रॉनचे ते स्फटिक फिके पडले, आणि वेबच्या वर्णपटात नंतर थंड स्फटिक दिसले, म्हणजे ते बाहेर वाहून गेले असावेत. हेल-बॉप धूमकेतूचा आणि एचडी १००५४६ च्या चकतीचा इसो दुर्बिणीने घेतलेला वर्णपट इतका सारखा का दिसला, याचं स्पष्टीकरण अशाच वाहतुकीत शोधतात. स्टारडस्ट यानाने वाइल्ड-२ धूमकेतूचे जे कण २००६ साली पृथ्वीवर आणले, त्यांतही गोठलेल्या प्रदेशात जन्मलेल्या धूमकेतूच्या पोटात उच्च तापमानाला बनलेली खनिजं निघाली.

आता तुमच्या दोन आकड्यांविषयी. मैत्रिणीच्या आणि तुमच्या वर्णपटात पंधरा-वीस वर्षांचं अंतर आहे, आणि असे तारे बदलतात. त्यामुळे ३४ आणि १९ मधला फरक खराही असू शकतो. पण तो पद्धतीचा आहे की ताऱ्याचा, हे आधी वेगळं करायला हवं. दोन्ही वर्णपट दोन्ही ओपॅसिटींनी फिट करा, म्हणजे चार उत्तरं येतील. मिरीचा वर्णपट आधी स्पिट्झरच्या विभेदनापर्यंत गुळगुळीत करून घ्या. प्रत्येक वेळी ७.५ ते १३.५ मायक्रॉन हाच पट्टा ठेवा, वायूच्या रेषा झाका, पाच मायक्रॉनचे स्फटिक एकदा ठेवून आणि एकदा काढून चालवा. मोजमापाच्या त्रुटीइतका यादृच्छिक गोंगाट मिसळून प्रत्येक फिट किमान शंभरदा करा. तुमच्या लक्षात येईल की गोंगाटातून येणारी त्रुटी दोन-तीन टक्क्यांची आणि गृहीतकांतून येणारी दहा-पंधरा टक्क्यांची आहे. लिहिताना दुसरी लिहा, पहिली नव्हे. वाक्य असं करा: ‘०.१ ते १.५ मायक्रॉनच्या, उष्ण, पृष्ठभागावरच्या सिलिकेट धुळीत, पोकळ गोलांची ओपॅसिटी धरता, फॉर्स्टराइटचं वस्तुमान अमुक ते अमुक टक्के.’ वाक्य लांबलचक आहे, पण त्यातला एकही शब्द काढता येण्यासारखा नाही.

चारही फिट झाले की मोजलेल्या वर्णपटातून प्रारूप वजा करून उरलेल्या फरकाचा आलेख काढा आणि १०.१ व ११.६ मायक्रॉनपाशी बघा. तिथे पायरी दिसली तर फिटिंग थांबवून उपपट्ट्यांची जुळणी परत करा. पायरी नसेल, आणि ११.२ ला अरुंद टोक उरलं असेल, तर ६.२ मायक्रॉनच्या भागासह तो आलेख इथे टाका. त्यावरून सुगंधी हायड्रोकार्बन की फॉर्स्टराइट, हे बघून सांगता येईल.